जपापुष्पाचा नवा वाण : निवडीचे निकष वैद्यांनी सांगावेत

जालना जिल्ह्यात वैद्यकव्यवसाय करणाऱ्याला बियाण्याची भाषा आपोआप अवगत होते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात रुग्णांचे येणे रोडावते. कारण विचारले की उत्तर ठरलेले असते, "डॉक्टरसाहेब, सध्या क्रॉसिंग चालू आहे, ते उरकले की येतो." कंबर आणि मान आखडलेल्या, बोटांच्या टोकांना भेगा पडलेल्या भगिनी येतात. हेतूची चौकशी करू लागलो की ती सीड प्लॉटवर जाऊन थांबते. दुपार ढळल्यावर वाकून कळ्या सोलायच्या, त्यांतील पुंकेसर काढून टाकायचे, कळीला खुणेचा कागद वा दोरा बांधायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग आणून तिच्यावर लावायचे, हा क्रम महिना-दीड महिना अखंड चालतो. ज्याला शास्त्रीय परिभाषेत संकरण म्हणतात, ते कौशल्य या जिल्ह्यातील कित्येक गावांत आईकडून मुलीकडे गेलेले आहे.

हे कौशल्य आजवर भेंडी, कापूस, टोमॅटो, मिरची, काकडी अशा पिकांच्या कामी आले. प्रस्तुत लेखात आम्ही वैद्यबंधू-भगिनींचे लक्ष एका निराळ्या झाडाकडे वेधू इच्छितो. ते झाड म्हणजे आपल्या अंगणातील जास्वंद, अर्थात जपा. बहुवर्षायू, बारमाही फुलणारे, देवपूजेत मानाचे आणि द्रव्यगुणात नोंदलेले हे झाड गेल्या शंभर वर्षांत बागायतदारांनी इतके बदलले आहे की आज 'जास्वंद' म्हणून रुग्णाच्या हाती नेमके काय पडते, याची खात्री देता येत नाही. नवे वाण यापुढेही होतच राहणार. ते कोणत्या गुणांसाठी निवडायचे, हे मात्र अजून फक्त बाग ठरवते आहे. औषधाच्या बाजूने ते वैद्यांनी सांगितले पाहिजे, असे आमचे प्रतिपादन आहे.

एका कुळातील आप्त

भेंडी, कापूस आणि जास्वंद ही तिन्ही झाडे एकाच कुळातील आहेत. आपल्या नित्याच्या व्यवहारातील बला, अतिबला आणि लताकस्तूरी ही द्रव्येही याच कुळात मोडतात. भेंडी तर एके काळी 'हिबिस्कस' या जास्वंदीच्याच प्रजातीत गणली जात असे. पुढे तिला 'अ‍ॅबेलमॉस्कस' ही स्वतंत्र प्रजाती मिळाली. या कुळाचे दोन विशेष वैद्याच्या चटकन ध्यानात येतात. पहिला म्हणजे पिच्छिलता. भेंडी चिरताना हाताला जाणवणारी तार आणि जास्वंदीची पाने चुरडल्यावर येणारा बुळबुळीतपणा ही सारखीच लक्षणे आहेत. दुसरा विशेष फुलाच्या रचनेत आहे. पाच पाकळ्यांच्या मधोमध एक नळी उभी असते, तिच्या अंगावर परागकोश दाटीने लागलेले असतात आणि त्या नळीच्या आतून वर आलेल्या कुक्षीवृंताच्या टोकाशी कुक्षी असते. जास्वंदीत तिचे पाच मखमली गोंडे स्पष्ट दिसतात.

संकराच्या दृष्टीने ही रचना महत्त्वाची आहे. पुरुष आणि स्त्री अवयव एकाच फुलात, तेही एकमेकांना लागून असल्याने संकर हवा असेल तर परागकोश फुटण्याआधीच ते काढून टाकावे लागतात. भेंडीच्या कळीवर हे काम ज्या हाताने केले, त्या हाताला जास्वंदीची कळी नवखी वाटणार नाही. उलट जास्वंदीचे फूल मोठे असल्यामुळे काम अधिक सोपे जाते.

भेंडीने शिकवलेले धडे

जालन्याच्या बियाणे उद्योगाचा आरंभच मुळी या कुळातून झाला. बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या 'पुसा सावनी' या दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेल्या वाणाचे बीजोत्पादन हाती घेतले आणि 1964 साली जालन्यात महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनीची, म्हणजेच महिकोची स्थापना केली. 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार आणि 2001 साली पद्मभूषण मिळाले. 2017 साली त्यांचे निधन झाले. 1970 साली डॉ. सी. टी. पटेल यांनी सुरत येथे संकरित कापसाचा 'एच-4' हा व्यापारी लागवडीस योग्य असा जगातील पहिला वाण दिला आणि हाताने संकर करण्याच्या कामाला देशभर मागणी आली. जालना, तसेच लगतच्या बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजा व सिंदखेड राजा हा पट्टा या कामासाठी नावारूपाला आला.

भेंडीचाच आणखी एक वृत्तांत आमच्या विषयाला अधिक जवळचा आहे. 'पुसा सावनी' लोकप्रिय झाली ती केवडा या विषाणुजन्य रोगाला दाद देत नसल्यामुळे. केवड्यात पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, झाड खुरटते आणि फळे फिकट होतात. काही वर्षांतच हा वाण रोगाला बळी पडू लागला. तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात डॉ. जांभळे व डॉ. नेरकर यांनी 'पुसा सावनी'चा संकर 'अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉट' या भेंडीच्या दूरच्या आप्ताशी घडवून आणला. असा दूरचा संकर सरळ साधत नाही. त्याची संतती बहुधा वांझ किंवा अल्पप्रसव असते. म्हणून संततीचा मूळ भेंडीशी पुन्हा संकर करायचा आणि पिढ्यान्‌पिढ्या निवड करत राहायचे, हा मार्ग घ्यावा लागला. त्यातून 1985 च्या सुमारास 'परभणी क्रांती' हा वाण प्रसारित झाला. मराठवाड्यातील शेतकऱ्यांना हे नाव सुपरिचित आहे. पुढे या वाणावरही केवडा दिसू लागला.

या वृत्तांतातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. नवा वाण घडवताना आधी नेमका हेतू ठरवावा लागतो. येथे तो रोगप्रतिकार हा होता. हेतू ठरला की उपयुक्त गुण रानातील आप्ताकडूनही आणता येतो. आणि एकदा मिळालेला गुण कायम टिकेल असे गृहीत धरता येत नाही, त्याची परीक्षा वारंवार घ्यावी लागते. औषधी झाडालाही ही तिन्ही सूत्रे जशीच्या तशी लागू पडतात.

बागेने कोणती निवड केली?

आपली नेहमीची जास्वंद म्हणजे 'हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस'. लिनियसने 1753 साली दिलेल्या या नावाचा अर्थ 'चीनचा गुलाब' असा होतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी हवाई बेटांवर या जास्वंदीचा तेथील रानजास्वंदींशी व इतर बेटांवरून आणलेल्या जातींशी मोठ्या प्रमाणावर संकर सुरू झाला. पूर्व आफ्रिकेतील, कातरलेल्या पाकळ्यांची आणि झुंबरासारखी खाली लोंबणारी 'हिबिस्कस स्किझोपेटॅलस' ही जातीही या संकरांत आली. 1950 साली अमेरिकेत जास्वंदप्रेमींची स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि वाणांची रीतसर नोंद होऊ लागली. आज जगभर अशा वाणांची संख्या हजारोंच्या घरात आहे.

या सगळ्या निवडीचा निकष एकच होता, तो म्हणजे डोळ्यांना दिसणारे रूप. फुलाचा व्यास, रंगांची वलये, पाकळ्यांच्या चुण्या, दुहेरी-तिहेरी फूल आणि ते किती वेळ टवटवीत राहते, एवढेच पाहिले गेले. यात गैर काही नाही. बागेचा तो स्वधर्मच आहे. मात्र या निवडीचे काही परिणाम वैद्याने जाणून घेतले पाहिजेत. दुहेरी फुलात पुष्कळसे पुंकेसर पाकळ्यांत रूपांतरित झालेले असतात, म्हणजे त्या फुलाची घडणच बदललेली असते. पिवळ्या, पांढऱ्या व शेंदरी वाणांत लाल जास्वंदीतील अँथोसायनिन हे रंगद्रव्य बहुधा अत्यल्प असते. अनेक भपकेदार वाणांची मुळे नाजूक असतात, म्हणून त्यांचे कलम दुसऱ्या काटक जास्वंदीवर बांधतात. अशा झाडाची फांदी एका वाणाची आणि मूळ दुसऱ्याचे असते. मूळ वापरणाऱ्या वैद्याने याचा विचार अवश्य करावा.

आमच्या चिकित्सालयात एक भगिनी केसांच्या तेलासाठी सांगितलेली जास्वंदीची फुले घेऊन आल्या होत्या. हाताच्या पंजाएवढी, पिवळी, मध्यभागी गर्द किरमिजी ठिपका असलेली ती फुले पाहण्यास अतिशय सुंदर होती. त्यांच्या दृष्टीने ती जास्वंदच होती आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही ती जास्वंदच म्हणावी लागेल. परंतु ग्रंथकारांना अभिप्रेत असलेली जपा ती होती काय, या प्रश्नाचे उत्तर ना रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर होते, ना आमच्या एखाद्या पाठ्यपुस्तकात.

ग्रंथांतील भेददृष्टी

वाणावाणांतील भेद हा आधुनिक काळातील विचार आहे, अशी काहींची समजूत असते. ती योग्य नाही. सोळाव्या शतकातील भावमिश्रांनी भावप्रकाशाच्या पुष्पवर्गात जपेचा उल्लेख करताना तिच्याजवळच त्रिसंध्येचा निर्देश केला, त्रिसंध्येचे अरुण व श्वेत असे भेद सांगितले आणि गुणही वेगवेगळे दिले. जपा ही संग्राही व केश्य, तर त्रिसंध्या कफवातघ्न, असा तो विवेक आहे. दिसायला जवळच्या फुलांचे गुण एकच असतील असे त्यांनी मानले नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या आरंभीच्या अध्यायात सांगितले आहे की गुराखी, मेंढपाळ व वनवासी लोक औषधींची नावे आणि रूपे जाणतात. पण केवळ नावरूपाच्या ज्ञानाने औषधीचे ज्ञान पूर्ण होत नाही. आज गुराख्याच्या जागी रोपवाटिकेचा माळी आहे, एवढाच फरक. नाव आणि रूप तो सांगू शकेल. गुण आणि योजना सांगण्याची जबाबदारी वैद्याचीच राहते.

व्यवहारात जपेचा उपयोग मुख्यतः रक्तप्रदरात, केशविकारांत आणि दाहशमनासाठी होतो. फुलांचे तेल, गुलकंद व सरबत घरोघरी केले जाते. येथे एका धोक्याचाही निर्देश करणे आम्हांस आवश्यक वाटते. 1970 च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात प्राण्यांवर झालेल्या अभ्यासांत जास्वंदीच्या फुलांच्या अर्काचा गर्भनिरोधक परिणाम आढळला होता. गर्भिणी व गर्भेच्छू स्त्रियांना पोटातून जपापुष्प न देण्याचा जो दंडक वैद्य पाळतात, त्याला यातून पुष्टी मिळते. आता विचार करावा : हा परिणाम सर्व वाणांत सारखाच असेल काय? एखाद्या वाणात तो अधिक तीव्र असला, तर निरुपद्रवी सरबत म्हणून घेतलेले पेय अपाय करू शकेल. वाण नोंदवण्याचा आग्रह केवळ ग्रंथनिष्ठेपोटी नाही, तो रुग्णाच्या सुरक्षिततेसाठीही आहे.

औषधासाठी निवड झाल्याची उदाहरणे

औषधी गुणांसाठी वाण घडवता येतात, याची उदाहरणे आपल्या देशातच आहेत. सदाफुली हे बागेतील बहुवर्षायू फूलझाड मूळचे मादागास्करचे. 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यातील व्हिन्ब्लास्टिन व पुढे व्हिन्क्रिस्टिन ही अल्कलॉइडे हाती आली आणि रक्तार्बुदादी व्याधींच्या चिकित्सेत ती मोलाची ठरली. त्यानंतर या एकाच झाडाची निवड दोन दिशांनी होऊ लागली. बागेसाठी बुटकी, मोठ्या गोल पाकळ्यांची, नाना रंगांची सदाफुली निघाली; तर लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने अल्कलॉइडांकडे लक्ष ठेवून 'निर्मल' आणि 'धवल' हे पांढऱ्या फुलांचे वाण दिले. मधुमेहासाठी सदाफुलीची पाने चावून खाणारे रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले असतील. या झाडातील अल्कलॉइडे रक्तपेशींवर आघात करणारी आहेत. ते कोणत्या वाणाची पाने खातात, हे त्यांना ठाऊक नसते आणि आपणही विचारत नाही. रुग्णांना या प्रयोगापासून परावृत्त करणे हे आपले कर्तव्यच आहे.

अश्वगंधेचेही 'जवाहर अश्वगंधा-20', 'पोषिता', 'रक्षिता' असे वाण उपलब्ध आहेत. शेतकरी बी घेताना वाण विचारतो. औषध बनवणारा आणि देणारा मात्र 'अश्वगंधा' एवढ्याच नावावर समाधान मानतो. हीच उदासीनता जपेच्या बाबतीत पुढे चालू राहू नये.

जालन्यासाठी कोणती जपा हवी?

केवळ 'औषधी जास्वंद हवी' असे म्हटल्याने संकरकाराला काही बोध होत नाही. त्याला मोजता येण्याजोगे निकष द्यावे लागतात. आमच्या मते ते असे असावेत.

पहिला निकष रूपाचा. फूल एकेरी, पाच पाकळ्यांचे, गर्द लाल आणि पूर्ण पुंकेसरनलिका असलेले असावे. परंपरेने वापरात असलेल्या फुलापासून फार दूर गेलेले फूल औषधासाठी स्वीकारायचे तर त्याची परीक्षा नव्याने करावी लागेल. सुदैवाने ही जुनी लाल जास्वंद आपल्याकडे टिकून आहे. भोकरदन तालुक्यातील राजूरच्या गणपतीला व घरोघरीच्या गणेशपूजेला लाल फूल लागते, म्हणून अनेक अंगणांत ती पिढ्यान्‌पिढ्या फांदी लावून जपली गेली. औषधी वाणाची मातृवृक्षे शोधायची असतील तर रोपवाटिकेच्या आधी अशा जुन्या वाड्यांची अंगणे पाहावीत.

दुसरा निकष रंगद्रव्याचा व पिच्छिलतेचा. तिसरा काटकपणाचा. या जिल्ह्याचे पर्जन्यमान वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास आहे, तेही बेभरवशाचे. 2012-13 च्या दुष्काळात जालना शहराला प्यायच्या पाण्यासाठी टँकरवर विसंबावे लागले होते. अशा वर्षी अंगणातील कोणती झाडे तग धरून राहतात, हे ज्याने पाहिले त्याला निवडीचा मोठा आधार मिळतो. एप्रिल-मे मधील चाळीस अंशांवरील तापमानात कळ्या न गाळणारे आणि काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी साचले तरी न कुजणारे झाड हवे.

चौथा निकष आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो म्हणजे पिठ्या ढेकणाला दाद न देणे. कपाशीवर 2007 च्या सुमारास या किडीचा मोठा प्रादुर्भाव झाला होता. जास्वंद ही कपाशीच्याच कुळातील असल्याने ती या किडीला विशेष बळी पडते. शेंड्यांवर पांढरा कापसासारखा थर बसतो, पाने आक्रसतात, मुंग्यांची रांग लागते. घाबरून गृहस्थ कपाशीसाठी आणलेले कीटकनाशक त्याच पंपाने जास्वंदीवर मारतात, आणि दोन दिवसांनी तीच फुले देवाला, तेलाला व सरबताला जातात. पाकळ्या सोलून टाकता येत नाहीत आणि नुसत्या धुतल्याने सर्व विष निघून जाईल याची शाश्वती नसते. कीड सहन करणारा वाण मिळाला तर फवारणीचे कारणच उरणार नाही. बागेसाठी झालेल्या निवडीत सौंदर्यापुढे हा गुण मागे पडतो. औषधासाठी होणाऱ्या निवडीत तो अग्रभागी हवा.

प्रत्यक्ष कृती

ज्यांना हा प्रयोग करून पाहावयाचा असेल, त्यांच्यासाठी कृती थोडक्यात देत आहोत. जालन्याच्या हवामानात ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ अनुकूल आहे. कडक उन्हाळ्यात धरलेली बोंडे गळून पडतात. दुसऱ्या दिवशी उमलणारी, रंग दाखवणारी फुगीर कळी सायंकाळी निवडावी. तिच्या पाकळ्या हलक्या हाताने उकलून किंवा वरचा भाग कापून नलिकेवरील सर्व परागकोश लहान कात्रीने काढावेत. कुक्षीच्या पाच गोंड्यांना धक्का लागू देऊ नये. नंतर कळीवर पातळ कागदाची पिशवी चढवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान पितृवृक्षाच्या ताज्या फुलातील पराग त्या गोंड्यांवर अलगद लावून पिशवी पुन्हा बांधावी. देठाला चिठ्ठी अडकवून तीवर मातृवृक्ष, पितृवृक्ष व तारीख लिहावी. चिठ्ठीवाचून केलेला संकर केल्यासारखा नाहीच.

फळ धरले तर बोंड पक्व होण्यास दीड ते दोन महिने लागतात. पुष्कळ संकर धरतच नाहीत. जास्वंदीत गुणसूत्रांची संख्या वाणागणिक निराळी असते आणि बहुतेक वाण बहुगुणित असतात, त्यामुळे सगळ्याच जोड्या जुळत नाहीत. काही वाण माता म्हणून वांझ असतात, पण त्यांचे पराग चालतात. म्हणून जोडी उलटूनही पाहावी. बोंड तपकिरी होऊन चिरू लागले की बी काढावे, कठीण कवचाला किंचित टोचा देऊन पेरावे. साधारण वर्ष-दीड वर्षात रोप फुलावर येते.

येथे एक मूलभूत गोष्ट लक्षात ठेवावी. भेंडी-कापसात संकरित बी हेच विकण्याचे उत्पादन असते. जास्वंदीत तसे नाही. एकाच बोंडातील प्रत्येक बी निराळे झाड देते, सख्ख्या भावंडांसारखे. त्यांतील निवडलेले एकच झाड हा नवा वाण, आणि त्याची वाढ पुढे बियाने न करता फांदीच्या छाट कलमाने करायची. म्हणून शंभर रोपांतून नव्व्याण्णव टाकून देण्याची तयारी हवी. सुंदर दिसणाऱ्या पण निकषात न बसणाऱ्या रोपाचा मोह टाळणे हा या कामातील सर्वांत कठीण भाग आहे. ती रोपे बागेसाठी जरूर द्यावीत, पण औषधी म्हणून देऊ नयेत.

परीक्षा आणि नोंदणी

निवडलेल्या झाडाची तुलना जुन्या लाल जास्वंदीशी करावी लागते. दोहोंची एकाच वयाची छाट कलमे एकाच जमिनीत, सारख्या पाण्यावर वाढवावीत आणि फुले एकाच ऋतूत, एकाच प्रहरी खुडावीत. असे न केल्यास दिसणारा फरक वाणाचा की जमिनीचा, हे ठरवता येत नाही. प्राथमिक परीक्षा वैद्यालाही करता येतात. सारख्या वजनाच्या पाकळ्या सारख्या पाण्यात भिजवून लिंबाचा रस घातल्यावर येणारा तांबडा रंग किती गडद आहे, यावरून रंगद्रव्याचा अंदाज येतो. सारख्या वजनाची पाने वाटून, मोजलेल्या पाण्यात कालवून फडक्यातून गाळण्यास किती वेळ लागतो, यावरून पिच्छिलता ताडता येते. यापुढील रासायनिक पृथक्करण प्रयोगशाळेत आणि रुग्णांवरील परीक्षा रीतसर नैतिक अनुमती घेऊन आयुर्वेद महाविद्यालयात व्हावी. अंगणातील प्रयोगावरून रोगनाशक गुणाचा दावा कोणी करू नये.

या कामी आपण एकटे नाही. बदनापूर येथे कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र असून तुरीचे अनेक वाण तेथून निघाले आहेत. खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र आहे, पुण्यात पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे. या संस्थांतील तज्ज्ञांना संकराचे शास्त्र आपल्याहून कितीतरी अधिक अवगत आहे. फूल औषध म्हणून कसे असावे, हे मात्र आपल्याला त्यांना सांगता आले पाहिजे. कायद्याच्या बाजूने पाहता, 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने संस्थेप्रमाणेच शेतकऱ्यालाही वाण नोंदवण्याचा हक्क दिला आहे. शासनाने अधिसूचित केलेल्या जातींच्या बाबतीत वाण इतरांहून भिन्न, एकसारखा व स्थिर असल्याचे सिद्ध करावे लागते. अशी वेळ आली तर ज्यांच्या बोटांनी तो संकर घडवला, त्या भगिनींचे नाव अर्जात यावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

तूर्त कर्तव्य

नवा औषधी वाण हाती येण्यास आठ-दहा वर्षे सहज लागतील. तोवर करण्याजोगी काही कामे आहेत. रुग्णाला जास्वंद सांगताना 'एकेरी, लाल, न फवारलेली' हे तीन शब्द जोडावेत. चिकित्सापत्रात फुलाचा रंग व प्रकार लिहावा. कलमी झाडाचे मूळ औषधात घेऊ नये. गर्भिणीची चौकशी केल्यावाचून जपापुष्प पोटातून देऊ नये. आपल्या गावातील सर्वांत जुन्या लाल जास्वंदीची नोंद करावी आणि तिच्या चार-सहा फांद्या चिकित्सालयाच्या आवारात लावाव्यात. जुने वाडे झपाट्याने पडत आहेत. वाड्याबरोबर अंगणही जाते, आणि एकदा ते झाड गेले की संकरासाठी मातृवृक्ष कोठून आणायचा, हा प्रश्न कोणत्याही प्रयोगशाळेला सोडवता येणार नाही. पावसाळ्याच्या आरंभी छाट कलम सहज रुजते. येत्या पावसाळ्यात प्रत्येक वैद्याने निदान एक फांदी लावावी, ही नम्र विनंती.